एका आसनाच्या सोन्यातून दोन आसने : सोनार-बिशप एलिजियस

प्रश्न थोडक्यात असा आहे: "संत एलिजियस या फ्रँक बिशपला राजाने एका आसनापुरते सोने दिले आणि त्याने त्यातून दोन आसने घडवली, असे वाचले. सोनारकाम जाणणाऱ्याने सांगावे, हे शक्य आहे का? की चमत्कार समजून सोडून द्यायचे? आणि मुळात सोनार बिशप झालाच कसा?"

शक्य आहे, आणि त्यासाठी चमत्काराची गरज नाही. मी घडाई आणि जडाई दोन्ही केली आहे. सोन्याचा इतिहास वाचता वाचता या माणसापाशी येऊन थांबलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. सातव्या शतकातल्या फ्रँक राज्यात (म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपासचा मुलूख) बिशप पुष्कळ झाले आणि त्यांतले संत म्हणून पुजले गेलेलेही पुष्कळ आहेत. पण ज्याच्या कामाचा तुकडा आज डोळ्यांनी पाहता येतो, ज्याचे नाव त्याच्याच काळच्या सोन्याच्या नाण्यावर वाचता येते आणि ज्याच्या चरित्रात कानस, भट्टी आणि वजन यांविषयी धंद्यातल्या माणसासारखे बोललेले आहे, असा मला ठाऊक असलेला हा एकच. फ्रेंच लोक त्याला एल्वा म्हणतात. युरोपातल्या सोनारांचा, लोहारांचा आणि नालबंदांचा तो आश्रयदाता संत.

आधी गोष्ट नीट सांगतो. एलिजियसचा जन्म लिमोझजवळच्या शाप्तला गावी, साधारण इ.स. ५९० च्या सुमारास. वडील युकेरियस, आई टेरिजिया. घराणे जुन्या रोमन वळणाचे आणि ख्रिस्ती. मुलाच्या हातात कसब आहे हे पाहून बापाने त्याला अब्बो नावाच्या नामांकित सोनाराकडे शिकायला ठेवले. हा अब्बो लिमोझची सरकारी टांकसाळ सांभाळत असे, म्हणजे पोराचे शिक्षण घडाई आणि नाणी पाडणे या दोन्हींत एकदमच झाले. पुढे तो उत्तरेकडे फ्रँकांच्या मुलखात आला आणि राजाचा खजिनदार बोबो याच्याशी त्याची ओळख झाली. राजा होता दुसरा क्लोथार, ६१३ पासून सगळ्या फ्रँक राज्याचा एकटा धनी. त्याला सोन्यारत्नांचे आसन करून हवे होते. मनात आकार पक्का होता, पण तसे घडवून देणारा दरबारात कोणी मिळेना. बोबोने एलिजियसचे नाव सुचवले, राजाने भरपूर सोने दिले आणि काम सुरू झाले.

काम संपल्यावर एलिजियसने एक आसन राजापुढे ठेवले. राजा खूश झाला, त्याने बक्षीस द्यायला सांगितले. तेव्हा एलिजियसने दुसरे आसन पुढे आणले आणि म्हणाला, उरलेले सोने हयगयीने वाया जाऊ नये म्हणून या कामी लावले. चरित्रकार इथे नवल करतो, इतक्याच वजनात हे सगळे झाले यावर विश्वास बसू नये असे म्हणतो. पण कारण देतो ते अगदी आपल्या बाजारातले. इतर कारागीर कानशीने खाल्ले, भट्टीच्या आगीने गिळले असे सांगून सोने मारतात, तसे याने केले नाही.

हे वाक्य कुठल्याही सोनाराला टोचेल. आपल्याकडची म्हण सगळ्यांना पाठ आहे: सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. गिऱ्हाइकाचा सोनारावरचा संशय हा सगळ्या मुलखांत आणि सगळ्या काळांत एकच आहे, आणि त्याचे मूळ तुटीत आहे. शुद्ध सोने आगीत जळत नाही. जळते ते त्यातले हीण. थोडे सोने मुशीला चिकटून राहते, थोडे कानशीच्या किसात जाते, थोडे झिलई देताना. पण चिकटलेले खरवडता येते, कीस गोळा करता येतो, मूस फोडून धुता येते. आमच्या पेठांतून झारेकरी दुकानांपुढची माती आणि गटारातला गाळ विकत घेऊन धुतात आणि त्यातून निघणाऱ्या सोन्यावर त्यांची घरे चालतात. म्हणजे तूट ही बरीचशी कारागिराच्या मनावर असते. जो सगळे जमा करतो, त्याची खरी तूट इतकी थोडी असते की गिऱ्हाइकाला सांगायलाही संकोच वाटावा.

आता दुसरे आसन आले कुठून? हा माझा अंदाज आहे, पण तो हाताच्या अनुभवावरचा आहे. राजाचे आसन भरीव सोन्याचे कोणी करत नाही, करूही नये, कारण शुद्ध सोने नरम असते आणि भार पडला की वाकते. आत लाकडाचा नाहीतर दुसऱ्या धातूचा सांगाडा आणि वर सोन्याचा पत्रा, हीच रीत. पत्र्याची जाडी निम्मी केली की तेवढ्याच सोन्यात दुप्पट जागा मढते. पण पातळ पत्रा ठोकणे हे येरागबाळ्याचे काम नाही. दर काही हातोड्यांनी पत्रा कडक होतो, तो तापवून नरम करावा लागतो, पुन्हा ठोकावा लागतो. कुठे एक घाव जास्त बसला की चीर पडते आणि सगळे पुन्हा मुशीत जाते. ज्याचा हात कच्चा, तो जाड पत्रा घेतो आणि सोने जास्त मागतो. खजिन्यातून सोने दिले गेले असेल ते अशाच कारागिरांच्या हिशोबाने: जाड पत्रा, वर तुटीचा वाटा, वर नेहमीची चोरी. एलिजियसचा हात बारीक होता आणि त्याने काही मारले नाही. दोन आसने निघायला एवढे पुरते.

राजाने त्याला ठेवून घेतले ते या एका कामावर. याला जोडून चरित्रात आणखी दोन प्रसंग आहेत, ते मला आसनाच्या गोष्टीइतकेच मोलाचे वाटतात. एकदा रुए इथल्या राजवाड्यात क्लोथारने त्याला संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितले. कशासाठी, ते चरित्रकाराला माहीत नाही आणि तो तसे सरळ लिहितो. एलिजियसला पवित्र वस्तूवर हात ठेवून शपथ घ्यायची भीती वाटली आणि राजाला नाही म्हणायचीही. तो रडू लागला. राजाने त्याला सोडले आणि म्हणाला की, शपथा घेतल्या असत्या तर ठेवला असता त्यापेक्षा जास्त विश्वास आता ठेवीन.

दुसरा प्रसंग पुढचा, क्लोथारचा मुलगा डॅगोबर्ट याच्या कारकिर्दीतला. डॅगोबर्टने त्याला पॅरिसमध्ये जे घर दिले होते, तिथे त्याने बायकांसाठी मठ उभारला. तिथे तीनशेपर्यंत मुली राहत, त्यांत त्याने सोडवलेल्या दासीही होत्या आणि थोरामोठ्यांच्या लेकीही. ऑरिया ही त्यांची प्रमुख. बांधकाम पुरे होत आले तेव्हा लक्षात आले की राजाकडून जेवढी जागा मागून घेतली होती, त्यापेक्षा एक फूट जमीन जास्त व्यापली गेली आहे. एलिजियस काम तिथेच थांबवून राजाकडे धावला आणि पाया पडून क्षमा मागू लागला. डॅगोबर्ट जवळच्या लोकांना म्हणाला: माझे सरदार आणि कामदार माझी गावेच्या गावे गिळतात, आणि या माणसाला वीतभर माती लपवता आली नाही. मग त्याने आधी दिले होते त्याच्या दुप्पट दिले.

या माणसाचे सगळे चरित्र मी याच धाग्याने वाचतो. सोने असो, जमीन असो, शब्द असो, दुसऱ्याचे जे हातात आले त्याचा हिशोब त्याला गुंजेपर्यंत द्यायचा होता. पुढे दान, गुलामांची मुक्ती आणि बिशपपद आले, तेही याच स्वभावातून आले असे मला वाटते.

नाण्यांकडे वळू. त्या काळी फ्रँक राज्यात शेकडो ठिकाणी सोन्याची लहान नाणी पाडली जात. वजन सुमारे १.३ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या, पावणेबारा ग्रॅमच्या तोळ्यात नऊ बसतील. नाण्यावर राजाचे नाव बहुधा नसे. असायचे ते गावाचे आणि नाणे पाडणाऱ्याचे. आजच्या भाषेत तो हॉलमार्कच, नाण्याच्या कसाची जबाबदारी नावानिशी एका माणसावर. एलिजियसचे नाव डॅगोबर्ट आणि त्याचा मुलगा दुसरा क्लोविस यांच्या नाण्यांवर सापडते, पॅरिसच्या आणि राजवाड्याच्या टांकसाळीतल्या नाण्यांवरसुद्धा. चरित्र कोणी कितीही रंगवून लिहिले असे म्हटले, तरी ही नाणी रंगवलेली नाहीत. काळही कठीण होता. पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातून येणारे सोने आटत चालले होते, नाण्यांत चांदी वाढत होती, सोने फिके पडत होते. ६७० च्या दशकापर्यंत सोन्याचे नाणे मागे पडून चांदीचे नाणे आले. एलिजियसने काम केले ते या उतारावर.

चरित्रात टांकसाळीचा एक बारकावा असा आला आहे की तो मी इतर ठिकाणी क्वचितच पाहिला. लिमोझकडच्या एका गावाचा कर सोन्यात गोळा झाला. राजवाड्यात पाठवण्याआधी ते सोने भट्टीत गाळून शुद्ध करायची रीत होती, कारण राजाकडे जायचे ते चोख सोने. टांकसाळवाला आणि राजाचा अधिकारी भट्टी लावून बसले, पण सोने काही केल्या शुद्ध होईना. इतक्यात एलिजियसचा माणूस निरोप घेऊन आला, की हे गाव राजाने एलिजियसला दिले आहे, सोने पाठवू नका. चरित्रकार याला दैवी खूण समजतो. मी या गोष्टीत पाहतो ती करवसुलीची पद्धत: गावोगावची हलकीभारी नाणी वितळवायची, हीण जाळायचे आणि चोख सोने राजाकडे पाठवायचे. सांगणाऱ्याला चमत्कार सांगायचा होता, म्हणूनच आजूबाजूचा तपशील त्याने न सजवता जसाच्या तसा ठेवला. संतचरित्रातून इतिहास निघतो तो पुष्कळदा असा.

ते गाव म्हणजे सोलिन्याक. एलिजियस डॅगोबर्टला म्हणाला होता: हे मला द्या, म्हणजे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी एक शिडी उभी करतो, तिच्यावरून दोघेही स्वर्गात चढू. ६३२ मध्ये त्याने तिथे मठ स्थापला. दीडशेपर्यंत साधू, वेगवेगळ्या जमातींचे, आणि त्यांत नाना कलांचे कारागीर. हा मठ सोनारकामाचीही शाळा होता असे समजायला हरकत नाही.

कारण त्याच्या कामाच्या जागेचे एक चित्र चरित्रात आहे. एलिजियस बसून घडतो आहे. समोर तिल्लो नावाचा सॅक्सन मुलगा बसला आहे. तो त्याचा दास, तोही त्याच्यासारखेच काम करतो आहे. आणि एलिजियसच्या डोळ्यांपुढे धर्मग्रंथ उघडा ठेवलेला आहे, हाताने काम आणि नजरेने वाचन. कामावर बसलेल्याला हे पटेल. झाळताना नजर हलवता येत नाही, पण ठोकताना, घासताना, झिलई देताना हाताला डोळे लागत नाहीत. हा तिल्लो पुढे सोलिन्याकचा साधू झाला आणि स्वतःही संत मानला गेला. विकत घेतलेला पोर, शागीर्द, साधू, संत. एलिजियसच्या भोवतीची माणसे अशीच होती: एक मुक्त केलेला बॉडेरिक, एक सुएव्ह जमातीचा, एक मूर्तिपूजकांतून आलेला. दरबारातल्या एवढ्या वजनदार माणसाच्या घरात ही मंडळी एका पंगतीला होती.

दासांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्या आयुष्याचा गाभा मला इथे दिसतो. त्या काळी गॉलच्या, म्हणजे जुन्या फ्रान्सच्या, बंदरांतून माणसे विकली जात. चरित्रात यादी आहे: रोमन, गॉल, ब्रिटन, मूर आणि सर्वांत जास्त सॅक्सन, ज्यांना कळपासारखे हाकलून आणत. कुठे माणसे विकायला आणली आहेत असे कानावर आले की एलिजियस धावायचा आणि पैसे मोजून सोडवायचा. कधी वीस, कधी तीस, कधी पन्नास, कधी पुरे जहाज उतरले की शंभरापर्यंत. पैसे कमी पडले तर अंगावरचे उतरवायचा. पट्टा, झगा, पायातले जोडे, ताटातले अन्नसुद्धा.

मोकळीक देण्याची पद्धतही ठरलेली होती. फ्रँक कायद्यात राजासमोर एक नाणे टाकून दासाला पूर्ण मुक्त करता येत असे. एलिजियस त्यांना राजापुढे उभे करी, नाणे टाकी आणि मुक्तिपत्र देई. मग तीन वाटा पुढे ठेवी. ज्याला देशी परत जायचे त्याला वाटखर्च. ज्याला राहायचे त्याला भाऊ म्हणून घरात जागा. ज्याला मठात जायचे त्याला त्या वाटेवर लागेल ती सगळी मदत. सोडवून वाऱ्यावर सोडणे त्याला मंजूर नव्हते. मला वाटते इथेही तोच तराजू आहे. माणसाची किंमत बाजारात लावली जाते आहे हे ज्याने रोज पाहिले, आणि सोन्याची किंमत ज्याला दरबारात सगळ्यांत चांगली कळत होती, त्याने ते सोने कुठे खर्चायचे ते ठरवून टाकले होते. दासांच्या प्रथेवरच त्याने घाव घातला असे मात्र म्हणता येत नाही. त्याच्या चरित्रात सेवक आणि दास पुढेही दिसतात. तरी सुमारे ६५० च्या शालोंच्या धर्मपरिषदेत तो आणि त्याचा मित्र ऑडोइन दोघेही होते, आणि क्लोविसच्या राज्याच्या सीमेबाहेर दास विकू नयेत असा नियम त्या परिषदेने केला.

हा ऑडोइन कोण, ते सांगायलाच हवे. तो दरबारात राजमुद्रा आणि दस्तऐवज सांभाळणारा अधिकारी, एलिजियसपेक्षा वयाने लहान, आणि जिवाभावाचा दोस्त. आपल्याला एलिजियस कळतो तो त्याच्यामुळे. त्यानेच मित्राचे चरित्र लिहिले. उंच बांधा, तांबूस चेहरा, कुरळे केस आणि दाढी, लांब बोटांचे देखणे हात, असे वर्णन त्यात आहे. सोनाराची बोटे मित्राने नेमकी टिपली आहेत! तरुणपणी एलिजियस रेशीम नेसायचा, कमरपट्टा सोन्यारत्नांचा, बटवाही रत्ने जडवलेला, पण आत अंगाला टोचणारे केसाळ वस्त्र. पुढे ते सगळे गरिबांना गेले आणि कमरेला दोरी आली. राजा त्याला तसा बघून स्वतःचा पट्टा आणि कपडे काढून देई, तेही दोन दिवसांत कोणा गरजवंताच्या अंगावर दिसत.

आता सोनार बिशप कसा झाला. आज चमत्कारिक वाटते, तेव्हा वाटत नव्हते. फ्रँक राजे दरबारातले भरवशाचे अधिकारी बिशप म्हणून शहरांत पाठवत. खजिनदार डेसिडेरियस ६३० मध्ये काओरचा बिशप झाला, ऑडोइन रुआँचा, आणि एलिजियस न्वायों व तुर्नेचा. कारण बिशप म्हणजे नुसती पूजा चालवणारा नव्हे. शहराच्या भिंती, गरिबांचे अन्न, कैद्यांची सोडवणूक, जमिनीचे तंटे, सगळे त्याच्या गळ्यात पडे. हिशोब आणि राजकारण कळणारा माणूस लागे, आणि एलिजियसने ब्रिटनीच्या जुडिकाएल राजाकडे दूत म्हणून जाऊन त्याला डॅगोबर्टच्या भेटीला आणण्याइतके राजकारणही केले होते. डॅगोबर्ट ६३९ मध्ये वारला. एलिजियस आणि ऑडोइन यांनी आधी काही काळ खालच्या पायऱ्यांवरची धर्मसेवा रीतसर केली, आणि १३ मे ६४१ ला रुआँमध्ये दोघांना एकाच दिवशी बिशपपदाची दीक्षा मिळाली. पैसे चारून बिशपपद मिळवणाऱ्यांवर दोघांचाही राग होता, तेव्हा स्वतःच्या बाबतीत त्यांनी पायरी चुकवली नाही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच्या वाट्याला आलेला मुलूख उत्तरेचा, आजचा उत्तर फ्रान्स आणि बेल्जियम. तुर्ने, गेंट, कोर्ट्राइक, पुढे अँटवर्पकडचा किनारा. तिथे पुष्कळ लोक अजून जुनी दैवते पुजत होते. त्याच्या नावावरचे एक लांबलचक प्रवचन आहे: झाडांपाशी, झऱ्यांपाशी, तिठ्यांवर दिवे लावू नका, शिंकेचा आणि पक्ष्यांच्या आवाजाचा शकुन पाहू नका, गळ्यात ताईत बांधू नका, ग्रहणात ओरडू नका, गुरुवार ज्युपिटर या रोमन देवाचा म्हणून काम बंद ठेवू नका. हे वाचून सातव्या शतकातल्या फ्लँडर्सचे, म्हणजे या उत्तरेकडच्या मुलखाचे, चित्र मिळाले असे समजू नये. त्यातला बराच भाग शंभर वर्षे आधीच्या आर्लच्या सिझेरियस या बिशपाच्या प्रवचनांतून उचललेला आहे, आणि तो दक्षिणेकडचा.

त्यापेक्षा एक छोटा प्रसंग जास्त खरा वाटतो. न्वायोंजवळच्या एका गावात संत पीटरच्या सणाला एलिजियस नाचगाण्यांविरुद्ध बोलत होता. लोक भडकले, त्यांत राजवाड्याचा प्रमुख कारभारी एर्किनोआल्ड याची माणसे पुढे होती. ते म्हणाले: अरे रोमना, तू कितीही सांगितलेस तरी आमच्या रीती आमच्यापासून काढून घेऊ शकणार नाहीस, आमचे हे जुने खेळ आम्ही खेळतच राहू. वीसेक वर्षे दरबारात मानाने वावरलेला माणूस लोकांच्या लेखी परकाच राहिला होता. पुढे त्यांच्यातल्या पन्नासहून जास्त जणांना भूतबाधा झाली आणि वर्षाने त्यानेच त्यांना बरे केले, असे चरित्र सांगते. ते बाजूला ठेवा, पण तो शिवीसारखा फेकलेला 'रोमन' कोणी घरी बसून रचला असेल असे मला वाटत नाही.

बिशप झाल्यावरही त्याचा हात थांबला नाही. संत क्वेंटिनची समाधी शोधण्यासाठी त्याने रात्री मशालींच्या उजेडात स्वतः खोदले, आणि सापडल्यावर सोन्यारुप्याने मढवली. तूरच्या संत मार्टिनची समाधी, पॅरिसजवळच्या संत डेनिसची, संत जेनेव्हिव्हची, अशी त्याच्या कामाची यादी चरित्रात आहे. दुर्दैवाने त्यांतले काहीही जागेवर उरलेले नाही. सोन्याचे असेच होते. गरज पडली की सगळ्यांत आधी तेच वितळवतात.

१ डिसेंबर ६६० ला तो वारला, वय सत्तरीच्या आसपास. राज्य तेव्हा बाल्थिल्ड राणी लहान मुलाच्या नावाने चालवत होती. ती स्वतः इंग्लंडच्या बाजूची सॅक्सन, एके काळी एर्किनोआल्डच्या घरी विकत आणलेली दासी. ख्रिस्ती कैद्यांचा व्यापार तिने बंद केला, असे तिच्या चरित्रात आहे. ती मुलांना घेऊन न्वायोंला धावत आली. तिला त्याचे शव स्वतःच्या शेलच्या मठात न्यायचे होते, पण ते उचलता येईना असे सांगतात, आणि तो न्वायोंतच राहिला. पुढे स्वप्नातून आलेल्या त्याच्या निरोपामुळे राणीने अंगावरचे दागिने उतरवले, हातातल्या बांगड्या तेवढ्या ठेवल्या, आणि त्या सोन्याचा क्रॉस त्याच्या समाधीसाठी घडवला. शेलमध्ये तिच्या नावाने जपलेले एक तागाचे वस्त्र आजही संग्रहालयात आहे. त्याच्या पुढच्या भागावर रंगीत रेशमाने हार आणि क्रॉसचे पदक भरलेले आहे. सोन्याचा दागिना नाही, दागिन्याची कशिदाकारी आहे. दागिने सोडलेल्या राणीच्या गोष्टीशी ते जोडले जाते, आणि मला ते जोडणे पटते.

चरित्रावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्नाचा उरलेला भाग. आज हाती असलेली प्रत जशीच्या तशी ऑडोइनची नाही. आठव्या शतकात तिच्यावर हात फिरलेला आहे, आणि १९०२ मध्ये ती संपादित करणाऱ्या ब्रुनो क्रुशला तिचा फार संशय होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच सौम्य केला. माझी कसोटी साधी आहे: टांकसाळीचे, वजनाचे, मुक्तीच्या विधीचे, माणसांच्या नावांचे तपशील इतर पुराव्यांशी जुळतात, म्हणून ते मी धरतो. नालाची प्रसिद्ध गोष्ट मात्र, म्हणजे घोड्याचा पाय वेगळा काढून नाल ठोकून परत बसवला ही, या चरित्रात नाहीच. ती कित्येक शतकांनी आली. चरित्रात घोडा आहे तो वेगळा: एलिजियसचा आवडता घोडा त्याच्यामागे आलेल्या बिशपाने मठाधिपतीकडून काढून घेतला, घोडा आजारी पडला, आणि परत दिल्यावर बरा झाला.

शेवटी कामाविषयी, कारण ज्याने विचारले त्याला घडाईत रस आहे. सँ-दनीच्या, म्हणजे वर आलेल्या संत डेनिसच्या, मठात एलिजियसने घडवलेला मानला जाणारा मोठा क्रॉस होता. फ्रेंच क्रांतीत १७९४ च्या सुमारास तो गेला, एक तुकडा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात उरला. काम कप्प्यांच्या जडावाचे आहे: सोन्याच्या पट्ट्या पत्र्यावर उभ्या झाळून कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याच्या मापाचा खडा किंवा काच कापून बसवायची. आपल्या कुंदनात खड्याभोवती सोने दाबून बसवतात, म्हणजे सोने खड्याचे ऐकते. इथे खडा सोन्याचे ऐकतो. कापणी एका केसाइतकी चुकली तरी खडा बसत नाही.

फ्रँक जडावातला लाल खडा बहुधा गार्नेट, आपल्याकडचा तामडा. त्यांतल्या मूलद्रव्यांची तपासणी झाली तेव्हा दिसले की पाचव्या-सहाव्या शतकातले पुष्कळ खडे भारत आणि श्रीलंकेतून गेलेले होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस ही आवक आटली आणि बोहेमियातले (आजच्या चेक देशातले) लहान खडे वापरात आले. एलिजियस कामाला बसला तो या टंचाईच्या दिवसांत.

अख्खा क्रॉस कसा दिसत होता हे पाहायचे असेल तर लंडनच्या नॅशनल गॅलरीत १५०० च्या सुमाराचे, संत जाइल्सच्या पूजेचे चित्र आहे. ते सँ-दनीच्या वेदीसमोर बसून काढल्यासारखे बारीक आहे आणि वेदीवर मागे हा क्रॉस उभा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पेत्रुस क्रिस्तुसचे १४४९ मधले सोनाराच्या दुकानाचे चित्र आहे, तो सोनार म्हणजे एलिजियसच असे फार काळ समजत. डोक्यामागचे तेजोवलय नंतर कोणी रंगवले होते, ते आता काढून टाकले आहे. चित्र तरी बघाच. त्या सोनाराच्या हातात तराजू आहे, मागच्या फळीवर खडे, मोती आणि अंगठ्या मांडल्या आहेत, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातली जवळपास प्रत्येक वस्तू ओळखता येते.